कुऱ्हाडीवरचं कुंकू

कुठल्याही वस्तूला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली दिसली की माझा हात आपोआप तिकडे जातो. गाठ ओढून बघतो. दुकानातलं लुगडं असो की दवाखान्यातली बाटली, मला राहवत नाही. नातवंडं तर मुद्दाम तांब्या-भांड्यांना चिठ्ठ्या बांधून ठेवतात आणि मी येतो का बघत दाराआड उभी राहतात. मी चिडतो. मी तसाही लवकरच चिडतो, त्यात नवल नाही. पण या एका बाबतीत चिडण्याचं कारण मला पक्कं ठाऊक आहे आणि ते मी आजवर कोणाला धड सांगितलेलं नाही.

मी कोर्टात मुद्देमाल कारकून होतो. चांदा जिल्ह्यातलं कोर्ट. कुठलं ते सांगत नाही, कारण तिथं आजही कोणीतरी माझ्यासारखाच नोकरी करत असेल आणि माझं खापर त्याच्या डोक्यावर कशाला? मुद्देमाल म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या वस्तू. पोलिसांनी जप्त करायच्या, पंचांनी सह्या करायच्या, खटल्यात साक्षीदारांना दाखवायच्या आणि खटला संपला की माझ्या खोलीत आणून टाकायच्या. भाले, कोयते, ठासणीच्या भरमार बंदुका, डागाळलेली धोतरं, एकदा तर एक पाळणा आला होता. मुलूख जंगलाचा, माणसाच्या खांद्यावर बाराही महिने कुऱ्हाड, म्हणून कुऱ्हाडी सगळ्यांत जास्त. प्रत्येकीच्या दांड्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी, चिठ्ठीवर खटल्याचा नंबर आणि जज्जसाहेबांची सही, गाठीवर लाखेचा ठिपका. ती चिठ्ठी होती म्हणून ती कुऱ्हाड खुनाची. चिठ्ठी काढली तर बाजारात मिळते तसलीच एक.

हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं आणि तरीही मी जे करायचं ते केलं.

आमच्या कोर्टात एक रीत होती. कोणी घातली कोण जाणे, मी लागलो तेव्हा ती जुनीच होती. खंडेनवमीला मुद्देमालातली हत्यारं बाहेर काढायची, मागच्या पडवीत सतरंजीवर मांडायची, राखेनं घासून धुवायची, जवसाच्या तेलाचा हात फिरवायचा आणि हळद-कुंकू वाहून झेंडूचं फूल ठेवायचं. पोलिसांनी बंदुका पूजाव्यात, शेतकऱ्यानं नांगर पूजावा, तशी आम्ही ही पूजत होतो. फरक इतकाच, की ही हत्यारं आमची नव्हती. आमचा शिपाई, माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, मी त्याला भाऊ म्हणे, तो सांगायचा, "रगत पेलेलं लोखंड हाय बाबू. वरसातून एक डाव त्याले शांत कराव लागते. नाई त कोठीत कुरकुर करते." मी हसायचो. पण कोठीत एकटा बसलो असताना लोखंड कुरकुरल्याचा आवाज मीही ऐकला आहे, म्हणून रीत मोडायची हिंमत केली नाही. नारळाचा प्रसाद साहेबही घ्यायचे.

धुताना पुठ्ठा भिजेल म्हणून चिठ्ठ्या सोडून ठेवायच्या. लाख फुटायची ती फुटायची. त्याच क्रमानं खिडकीत मांडायच्या, पूजा झाली की त्याच क्रमानं पुन्हा बांधायच्या आणि वर नवी लाख लावायची. इतकी वर्षं कोणाचं काही अडलं नव्हतं. तपासणी झालेली, निकाल लागलेला, आता ते नुसतं लोखंड, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या वर्षी कुऱ्हाडी सात होत्या. मी त्या नंबरानं मांडल्या, चिठ्ठ्या त्याच क्रमानं खिडकीत ठेवल्या. धुणं झालं, तेल झालं, मी कुंकवाची वाटी घेतली तेव्हा भाऊ कमरेवर हात ठेवून उभा.

"पाती मावळतीकडं हायेत बाबू."

"असू दे."

"असू दे कसं? उगवतीकडं तोंड पायजे. धरा तिकून."

मी तिकडून सतरंजीची दोन टोकं धरली, त्यानं इकडून धरली आणि आम्ही दोघांनी ती कुऱ्हाडींसकट अर्धी फिरवली. तो मला म्हणाला, लग्नात नवरीले फिरवतेत तशी फिरवा, हळू. आम्ही हसलो. मग मी प्रत्येकीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि डावीकडून सुरुवात करून सातही चिठ्ठ्या बांधल्या. खिडकीतल्या क्रमानं, अगदी काळजीपूर्वक.

आता त्या कुऱ्हाडींपैकी एकीबद्दल सांगायला हवं.

वैनगंगेपलीकडच्या एका जंगलगावातला एक गोंड माणूस ठेकेदाराच्या कूपात, म्हणजे तोडीला दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात, लाकूड तोडायला जायचा. एक दिवस तो तिथंच मेला. मानेवर कुऱ्हाडीचा घाव. पोलिसांनी ठेकेदाराच्या मुकादमाला धरलं. म्हणणं असं, की कूपात एक मोठं येनाचं झाड होतं. ऐनाला आमच्याकडे येन म्हणतात आणि गोंडांचा मोठा देव त्यात राहतो. मुकादमानं ते तोडायला सांगितलं, त्या माणसानं नाही म्हटलं, बाचाबाची झाली आणि मुकादमानं घाव घातला. खटला आमच्याच कोर्टात चालला. पण सोबतच्या दोघा मजुरांनी ऐन वेळी सांगितलं की आम्ही पाणी प्यायला नाल्यावर गेलो होतो, काही पाहिलं नाही. मुकादमाचं म्हणणं, मयतच झाडावर चढला होता, घसरला आणि आपल्याच कुऱ्हाडीवर पडला. संशयाचा फायदा मिळून मुकादम सुटला. निकालात लिहिलं गेलं, की मयत स्वतःच्या कुऱ्हाडीवर पडून मेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

हे एक वाक्य त्याच्या बायकोला झोपू देईना.

ती मला पहिल्यांदा भेटली तेव्हा पडवीच्या खांबाला टेकून उकिडवी बसली होती. तिशीची बाई, हातांवर गोंदण, सोबत कोणी नाही. तिनं ठेकेदारावर नुकसानीचा दिवाणी दावा लावला होता. तिचा वकील एक नवखा, हौशी मुलगा, त्यानं फी घेतली नव्हती. मला वाटलं बाईला भरपाई हवी आहे. तसं मी बोललोही, जरा तोडूनच, कारण ती सकाळपासून वाट अडवून बसली होती.

"मले काई नोको," ती म्हणाली. ती मला सुरुवातीपासून तू म्हणायची. तिच्या बोलीत लहानथोर सगळ्यांना तूच. "तू कोर्टाचा बाबू हायेस ना? त्या कागदावर लिवलं हाय का तो आपल्या कुऱ्हाडीनं मेला. ते खोडाले लाव."

"तसं खोडता येत नाही बाई."

"मंग दुसरा कागद कर. गावात म्हणतेत, देवाचं झाड तोडाले चढला, देवानं त्याचीच कुऱ्हाड त्याच्यावर पलटवली. त्याच्या नावाचा दगड रोवू देत नाई. त्यानं नाई म्हटलं म्हणून तो मेला बाबू. आन गाव म्हणते तो तोडाले गेला म्हणून मेला."

तिच्या गावात मेलेल्या माणसाच्या नावानं वाटेच्या कडेला उभा दगड रोवतात. बापाचा, आज्याचा, सगळ्यांचे ओळीनं उभे. तिच्या नवऱ्याची जागा रिकामी होती. देवानं मारलेल्याला त्या ओळीत जागा नाही.

आणि तिच्याकडे एक गोष्ट होती. खटल्याच्या वेळी सरकारी वकिलानं कुऱ्हाड साक्षीदाराला दाखवायला उचलली, तेव्हा कोर्टाच्या दारातून तिनं पाहिलं होतं, की पात्याच्या माथ्यावर छन्नीनं पाडलेल्या तीन रेघा आहेत. ठेकेदाराच्या कोठीतून मुकादमांना मिळणाऱ्या कुऱ्हाडींवरच तसल्या रेघा असत, मजुरांच्या कोऱ्या असत. पोलिसांच्या पंचनाम्यात रेघांचा शब्द नव्हता, वकिलांनी विचारलं नव्हतं, आणि तिला त्या वेळी कोणी बोलू दिलं नव्हतं. तिच्या नवख्या वकिलानं मात्र ते ऐकलं आणि अर्ज टाकला, की ही कुऱ्हाड नष्ट करू नये, दाव्यात लागणार आहे. अर्ज माझ्याकडेच आला. मी तो फायलीला लावला. त्यानंतर खंडेनवमी आली.

दाव्यात कुऱ्हाड हजर करा, असा हुकूम थंडीत आला. मी कोठीत गेलो, तिच्या नंबरची चिठ्ठी शोधली, कुऱ्हाड उजेडात आणली आणि सहज म्हणून माथा पाहिला. रेघा नव्हत्या. कोरा माथा. मला बाईचीच दया आली, म्हटलं बिचारीला भास झाला असेल. कुऱ्हाड परत ठेवताना शेजारच्या सगळ्या एकदा बघितल्या, आणि उजवीकडून दुसरीच्या माथ्यावर तीन रेघा. तीन, सारख्या अंतरावर.

ओळीत तिची कुऱ्हाड डावीकडून दुसरी होती. मग मला सतरंजी आठवली. अर्धी फिरवली तेव्हा कुऱ्हाडींची ओळ उलटी झाली होती, चिठ्ठ्यांची नाही.

त्या दिवशी जेवण गेलं नाही. घरी बायकोवर खेकसलो, भाजी खारट आहे म्हणून. ती म्हणाली, अजून खाल्ली कुठं? कोर्टात भाऊला गाठून विचारलं, त्याला सगळं आठवत होतं, नवरीसारखी फिरवलेलं धरून. "मंग आता?" एवढंच तो म्हणाला. त्याची नोकरीची दोन वर्षं राहिली होती. माझी तीस.

चार दिवस मी नुसता येरझारा घालत होतो. कोठीत जायचं, कुलूप काढायचं, कुऱ्हाडींकडे बघायचं, कुलूप लावायचं. सांगावं तर नोकरी जाईल, ते एक. पण खरं भय वेगळंच होतं. सांगितलं की ठेकेदाराचा वकील म्हणणार, या कोठीतल्या चिठ्ठ्यांवर विश्वास कसला ठेवता? तीन रेघांची कुऱ्हाड याच खुनातली कशावरून? आणि तो बरोबरच म्हणेल. न सांगता कोऱ्या माथ्याची कुऱ्हाड दिली तर बाई खोटी ठरणार. तिसरा रस्ता सोपा होता. पाचव्या दिवशी दुपारच्या सुटीत मी कोठीचं दार आतून लावलं, चिठ्ठ्या सोडल्या, ज्या जागी असायला हव्या तिथं बांधल्या, लाख लावली. मधली चौथी तेवढी तशीच राहू दिली, ती मुळात बरोबर होती. इतकं हलकं वाटलं की येताना भाऊसाठी चिवड्याची पुडी घेतली.

हलकेपणा दोन दिवस टिकला. मग वाटायला लागलं, सतरंजी खरंच एकदाच फिरवली का? की भाऊचं समाधान झालं नाही म्हणून पुन्हा? भाऊला विचारलं तर तो म्हणाला एकदाच. दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हाही एकदाच म्हणाला, तिसऱ्या दिवशी मात्र म्हणाला, "बाबू, तुमी इतके डाव इचारलं का आता मलेच आठवून नाई राह्यलं."

सुनावणीच्या दिवशी कुऱ्हाड घेऊन मीच कोर्टात उभा होतो. दिवाणी जज्ज, दोन वकील, साक्षीच्या पिंजऱ्यात बाई. ठेकेदाराचा वकील नागपूरचा, वयानं मोठा, आवाज मऊ. बाईच्या वकिलानं माझ्या हातून कुऱ्हाड घेतली आणि तिच्यापुढे धरली.

"हीच का?"

तिनं माथा पाहिला. बोटानं रेघा मोजल्या. "हीच."

तिथं तो पोरगा थांबला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. पण त्याला राहवलं नाही. दांडा जिथं लोखंडात शिरतो त्या फटीत त्याला लालसर काही दिसलं, तेलानं घट्ट बसलेलं. त्यानं कुऱ्हाड उजेडाकडे केली. "आणि साहेब, इथं बघावं. रक्ताचा अंश अजूनही आहे." साहेब पुढे वाकले. चिठ्ठ्या मी बदलल्या होत्या, पण त्या फटीचा विचार मला सुचलाच नव्हता.

आणि तेवढ्यात बाईनं हात पुढे केला. कोणी अडवायच्या आत तिनं बोट जिभेला लावून त्या फटीवरून फिरवलं, बोटाला लाल लागलं, ते तिनं तळहातावर पुसलं आणि मूठ मिटली. छातीशी धरली.

ते मी लावलेलं कुंकू होतं. ती ते नवऱ्याचं रक्त म्हणून मुठीत धरून उभी होती.

बोलायचं असं मी ठरवलं नव्हतं, खरं सांगतो. ठरवून मी गप्पच राहणार होतो. पण ती मूठ मला बघवेना.

"साहेब, ते रक्त नाही."

पुढचं सगळं मी शपथेवर सांगितलं. नवमी, राख, तेल, सतरंजी, चिठ्ठ्या, दुपारची सुटी. नागपूरच्या वकिलानं फक्त तीन-चार प्रश्न विचारले, आवाज न चढवता. चिठ्ठी दोनदा सोडली? होय. दोन्ही वेळा कोणाच्या हुकमाशिवाय? होय. म्हणजे ही तीच कुऱ्हाड हे आपण फक्त तर्कानं सांगता? होय. आभार, म्हणाला आणि बसला. बाईच्या वकिलानं कागद आवरायला घेतले. त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

साहेबांनी मात्र पेन ठेवलं नाही. ते बाईकडे वळले आणि म्हणाले, "तुझ्या नवऱ्याची स्वतःची कुऱ्हाड होती की नव्हती?"

"होती ना."

"ती कुठे आहे?"

"घरी. रोज सरपन तिच्यानंच फोडते मी. कूपात आपली न्यावी लागत नाई, ठेकेदार देते." मग जरा थांबून, "कोनी इचारलंच नाई."

दोन वर्षांत, दोन खटल्यांत, पोलिसापासून वकिलापर्यंत कोणीच तिला ते विचारलं नव्हतं. मीही त्यांच्यातलाच.

बाहेर पडवीत ती खांबाशी बसली होती. मला बघून तिनं मूठ उघडली.

"हे कोनाचं मंग?"

"माझं आहे बाई. मी लावलं. कुंकू."

"कायले?"

"हत्यार शांत राहावं म्हणून."

तिनं तळहात बघितला, मग पदराला पुसला. हळूहळू, नीट, एकही रेघ लाल राहू नये असा. "ते त शांतच होतं," ती म्हणाली. मी तिथून निघून गेलो, कारण मला रडू येत होतं आणि भाऊ बघत होता.

दावा खारीज झाला. कुऱ्हाड पुराव्यातून वगळली. मला मुद्देमालाच्या खोलीतून काढून जुन्या फायलींच्या बासनांत टाकलं. नोकरी राहिली ती साहेबांनी चांगला शेरा लिहिला म्हणून. भाऊवर काही आलं नाही, त्याचं नावच मी घेतलं नव्हतं. पण निकालात शेवटाकडे साहेबांनी एक वाक्य लिहिलं होतं. मयत स्वतःच्या कुऱ्हाडीनं मेला हे प्रतिवादीचं म्हणणं शाबीत होत नाही.

ती नक्कल घ्यायला आली तेव्हा मी ते वाक्य तिला वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "आमच्या गावात हे कोन वाचन? तूच चाल."

मी रजा टाकली. दाव्यातला माणूस, नोकरीवर आधीच डाग, जाऊ नये असं सगळ्यांनी सांगितलं, बायकोनं तर दोनदा. गेलो. मोटार, मग बैलगाडी, मग पायवाट. मोहफुलं पडायचे दिवस होते, रानभर तो गोड, डोकं जड करणारा वास. टोपल्या घेऊन वेचणाऱ्या बाया आम्हाला बघून उभ्या राहायच्या आणि तिच्याशी कोणी बोलायचं नाही.

गाव येनाच्या झाडाखाली जमलं. मोठं झाड, खोडाला मगरीच्या पाठीसारखे खवले. गावचा मुख्य, त्याला भुमिया म्हणतात, खोडाला पाठ लावून बसला होता. मी निकाल वाचला, मग सोप्या बोलीत सांगितला. भुमियानं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"त्याची नोयती म्हनतेस. मंग कोनाची होती?"

"कोर्टाला ते ठरवता आलं नाही. माझ्यामुळं."

"कोर्टाचं रायू दे. इथी बोल." त्यानं खाली पडलेलं येनाचं एक पान उचललं आणि माझ्या डोक्यावर ठेवलं. "इथी लबाड बोलाची सोय नाई. खटल्याच्या टायमाले, चिठ्ठी सोडाच्या आंधी, ती कुऱ्हाड तुह्या हातात होती. तीन रेघा तू डोयानं पाह्यल्या का?"

पान हलकं होतं. मला ते फार जड वाटलं. ती बाई समोर उभी होती, कडेला, एकटी. एका 'हो'नं तिचं काम होत होतं, आणि ते 'हो' पुरतं खोटंही नव्हतं, रेघा त्याच कुऱ्हाडीवर होत्या याची माझी खात्री होती. कोर्टात बोललो त्यानं तिचं नुकसान केलं. आता इथं तरी गपगुमान हो म्हणावं. मी तोंड उघडलंही होतं.

"नाही," मी म्हणालो. "पाहिल्या नाहीत."

"हातात होती तरी?"

"हातात होती. वर्षभर माझ्या ताब्यात होती. मी तिला धुतलं, तेल लावलं, कुंकू लावलं. माथ्याकडं बघितलं नाही. चिठ्ठीकडं बघायचो. रेघा हिनं पाहिल्या, लांबून, दारातून, एकदाच."

लोकांत गोंडीत कुजबुज झाली, मला कळली नाही. मग भुमियानं माझ्या डोक्यावरचं पान काढलं आणि लोकांकडे वळून, मला समजावं म्हणून मराठीत म्हणाला, "हा हिच्याकून लबाड बोलाले आला असता त पाह्यलं म्हनला असता. इतका दूर चालत आला आन नाई म्हनते. हिनं पाह्यलं म्हनते." एवढं बोलून तो उठला आणि दोन माणसांना त्यानं नाल्याकडे पाठवलं.

दगड दुसऱ्या दिवशी सकाळी आला. आठ जणांनी वाहून आणला. मी खांदा द्यायला पुढे झालो तर एका म्हाताऱ्यानं मला हातानंच मागे सारलं, रागानं नाही, लहान पोराला बाजूला करतात तसं. बापाच्या दगडाशेजारच्या रिकाम्या जागेत तो उभा केला. तिनं त्याला हळद लावली. कुंकू कोणी आणलं नव्हतं.

निघताना मी तिला विचारलं. महिनोन्‌महिने मनात होतं ते. "बाई, एवढ्या लांबून, दारातून, तुला त्या रेघा दिसल्या कशा?"

ती मोहफुलांची टोपली उचलत होती. आता शेजारच्या दोघी तिच्यासोबत उभ्या होत्या.

"माह्या माणसाले मारलं तिनं. मी तिच्याकडंच पाहून राह्यली होती," ती म्हणाली. "तुमी सारे कागदाकडं पाहून राह्यले होते."

मग ती टोपली डोक्यावर घेऊन त्या दोघींबरोबर रानात गेली, आणि मी एकटाच मोटारीच्या वाटेला लागलो.